पाचशे चिप्सचा पोकर संच : स्पर्धेच्या पहिल्या तासाची कसोटी

जळगावातील खेळाच्या साहित्याच्या एका दुकानातून मागवलेला पाचशे चिप्सचा, म्हणजे खेळात पैशांऐवजी वापरायच्या पाचशे चकत्यांचा, पोकर संच गेल्या आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) आमच्या मंडळात वापरात आहे. ज्यांना घरच्या दिवाणखान्यात किंवा सोसायटीच्या सभागृहात आठ-दहा जणांची स्पर्धा नियमांनुसार आणि पैशांविना भरवायची आहे, त्यांनी तो अवश्य घ्यावा, असे माझे मत झाले आहे. मात्र ही शिफारस चिप्स आणि प्लास्टिकच्या पत्त्यांपुरती आहे. सोबत येणारी नियमपुस्तिका आणि पत्त्यांचा दुसरा कॅट यांविषयी माझे गंभीर आक्षेप आहेत. संचाची परीक्षा मी मुख्यतः एका प्रश्नावर केली. स्पर्धेच्या पहिल्या तासात एखाद्याच्या हाती, वाटलेल्या दोन बंद पानांत, एक्क्यांची, बादशहांची किंवा राण्यांची जोडी आली, तर ती विचार करून खेळण्याइतकी मोकळीक हे साहित्य त्याला देते का?

खान्देशात आखाजीला पत्त्यांचे डाव मांडण्याची रीत जुनी आहे. रमी आणि तीन पत्ती इथे घराघरांत माहीत आहेत. पोकर मात्र बहुतेकांनी मोबाइलवरच पाहिले आणि शिकले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केल्यानंतर मोबाइलवर शिकलेली ही मंडळी प्रत्यक्ष टेबलाकडे वळू लागली आहेत. आमच्याकडे भुसावळ, अमळनेर आणि धुळ्याहून खेळाडू येतात. जुगाराला मनाई करणारा आपल्या राज्यातील कायदा १८८७ चा आहे आणि तो आम्ही काटेकोरपणे पाळतो. चिप्सना कोणतेही मोल नसते आणि विजेत्याला टाळ्यांखेरीज काही मिळत नाही. पैसा नसला की खेळाची गोडी फक्त निर्णयांत उरते, आणि म्हणूनच निर्णयाला वाव देणारे साहित्य आमच्यासाठी फार महत्त्वाचे आहे.

प्रत्यक्ष टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. मोबाइलवर एकाच टेबलावर याच्या दुपटीहून अधिक डाव होतात, त्यामुळे तिथून आलेल्या खेळाडूला इथला संथपणा सुरुवातीला जाचतो. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. एक्के, बादशहा आणि राण्या या तिन्ही जोड्या एकत्र धरल्या, तरी त्यांपैकी एखादी मिळण्याचे प्रमाण सुमारे ७४ डावांत एकदा असे पडते. पहिल्या तासात पंचवीस डाव झाले, तर दहांपैकी सुमारे सात खेळाडूंना यांतली एकही जोडी दिसत नाही. उरलेल्या तिघांना ती दिसते तेव्हा तो प्रसंग त्यांच्या संध्याकाळीतला सर्वांत मोठा प्रसंग असतो, आणि तो कसा पार पडेल हे आधी वाटलेल्या चिप्सच्या संख्येवर बरेच अवलंबून असते.

आता संचाकडे येऊ. चिप्स ३९ मिलिमीटर व्यासाच्या, कठीण प्लास्टिकच्या, आत धातूची चकती बसवलेल्या आणि प्रत्येकी साडेअकरा ग्रॅम वजनाच्या आहेत. पंचवीसच्या १५० हिरव्या, शंभरच्या १५० काळ्या, पाचशेच्या १०० जांभळ्या, हजारच्या ७५ पिवळ्या आणि पाच हजारांच्या २५ करड्या, अशी त्यांची विभागणी आहे. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त संचांत एक, पाच आणि पंचवीस अशा किमतींच्या चिप्सचा भरणा असतो आणि मोठ्या किमतीच्या चिप्स जेमतेम पन्नास असतात. त्या रोख पद्धतीच्या खेळाला चालतात, स्पर्धेला अपुऱ्या पडतात. या संचाची विभागणी स्पर्धा डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

दहा खेळाडू असतील तर आम्ही प्रत्येकाला पंचवीसच्या बारा, शंभरच्या बारा, पाचशेच्या पाच आणि हजारच्या सहा चिप्स देतो. बेरीज बरोबर १०,००० होते. ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधीच दोन खेळाडूंनी सक्तीने भरायच्या लहान आणि मोठ्या चिप्स, २५-५० पासून सुरू केले की प्रत्येकाकडे मोठ्या ब्लाइंडच्या दोनशेपट चिप्स असतात. वीस-वीस मिनिटांनी ५०-१०० आणि ७५-१५० या पातळ्या येतात. तासाभराने १००-२०० सुरू होते तेव्हा पंचवीसच्या चिप्सचे काम संपलेले असते. टेबलावर एकूण १२० हिरव्या चिप्स असतात, म्हणजे ३,००० चे मोल, आणि पेटीत शंभरच्या नेमक्या ३० काळ्या चिप्स शिल्लक राहिलेल्या असतात. विश्रांतीच्या वेळी ही अदलाबदल एकही चिप उसनी न घेता पूर्ण होते. ज्याने कधी स्पर्धा चालवली आहे, त्याला या जुळणीचे मोल लगेच कळेल.

पुस्तिका मात्र या चांगल्या विभागणीवर पाणी फिरवते. तिच्या सल्ल्यानुसार प्रत्येकाला एकूण १,५०० किमतीच्या चिप्स द्यायच्या, २५-५० पासून सुरुवात करायची आणि दर पंधरा मिनिटांनी ब्लाइंड दुप्पट करायचे. म्हणजे प्रारंभीच फक्त तीसपट चिप्स, आणि पाऊण तासाने २००-४०० ची पातळी सुरू होताना सुरुवातीचे १,५०० चार ब्लाइंडनाही पुरत नाहीत. तोवर जेमतेम वीस डाव झालेले असतात. लास वेगासच्या जागतिक पोकर मालिकेच्या मुख्य स्पर्धेत अलीकडच्या वर्षांत ६०,००० चिप्स आणि दोन तासांची पातळी दिली जाते, पहिले ब्लाइंड १००-२०० असतात, म्हणजे प्रारंभ तीनशेपटीने होतो. घरच्या एका संध्याकाळीत तेवढे शक्य नाही, हे मान्य. पण तीसपट आणि दोनशेपट यांत केवळ वेळेचा फरक नाही, दोन्हींत वेगळाच खेळ खेळला जातो. पुस्तिका लिहिणाऱ्याने हा विचार केलेला दिसत नाही.

एक डाव घेऊन पाहू. ब्लाइंड २५-५० आहेत. चार जणांनी वाढ न करता केवळ पन्नास-पन्नास भरून प्रवेश केला आहे, आणि शेवटच्या जागेवर, म्हणजे डीलरच्या बटनावर (वाटणाऱ्याची जागा दाखवणाऱ्या चकतीपाशी) बसलेल्या खेळाडूला एक्क्यांची जोडी आली आहे. पॉटमध्ये, म्हणजे टेबलाच्या मधल्या ढिगात, दोन्ही ब्लाइंड धरून २७५ आहेत. आपल्याकडच्या टेबलांवर पहिल्या तासात असे दृश्य फार वेळा दिसते, कारण लांबून आलेल्या माणसाला पत्ते टाकून बसायचे नसते आणि पन्नास चिप्स कोणालाच जड वाटत नाहीत. मोबाइलवर शिकलेला खेळाडू इथे सवयीने १५० पर्यंत वाढवतो. मग चौघेही आणखी शंभर भरतात आणि फ्लॉप, म्हणजे टेबलावर सर्वांसाठी मांडलेली पहिली तीन पाने, पाच जणांत उघडतो. एका यादृच्छिक हाताविरुद्ध एक्क्यांची जोडी शंभरात सुमारे ८५ वेळा जिंकते. चार यादृच्छिक हातांविरुद्ध हे प्रमाण ५६ वर उतरते. जोडी तीच असते, पण तिच्यावर किती विश्वास ठेवायचा हे प्रतिस्पर्ध्यांच्या संख्येने बदललेले असते.

म्हणून अशा टेबलावर ३५० ते ४०० पर्यंतची वाढ योग्य ठरते. नेहमीच्या वाढीत आधी शिरलेल्या प्रत्येक खेळाडूमागे आणखी एक मोठा ब्लाइंड मिळवावा, हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. समजा ४०० केले आणि आधी शिरलेल्यांपैकी एकच जण डावात राहिला; पॉट १,०२५ झाला आणि दोघांपाशी ९,६०० शिल्लक राहिले. फ्लॉपवर ६५० आणि टर्नवर, म्हणजे चौथ्या पानावर, १,४०० लावले आणि समोरच्याने दोन्ही वेळा कॉल केले, म्हणजे तेवढेच भरले, तर पॉट ५,१२५ होतो आणि हाती अजून ७,५५० असतात. खरा प्रश्न इथे उभा राहतो. आतापर्यंत शांतपणे कॉल करणारा माणूस रिव्हरवर, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानावर, अचानक मोठी वाढ करतो तेव्हा त्याच्याकडे बहुधा एका जोडीहून मोठे काही असते, आणि ७,५५० चिप्स वाचवून एक्के टाकून देता येतात. टाकल्यानंतरही हा खेळाडू सध्याच्या मोठ्या ब्लाइंडच्या दीडशेपट चिप्स घेऊन स्पर्धेत असतो.

हाच डाव पुस्तिकेच्या पद्धतीने खेळून पाहावा. ४०० ची वाढ केल्यावर हाती १,१०० उरतात आणि पॉट १,०२५ असतो. फ्लॉपवर एकदा चिप्स लावल्या की सर्व चिप्स आत जातात. टर्न आणि रिव्हरवर ठरवण्यासारखे काही उरत नाही. नवशिक्याला तोही थरार आवडतो, पण वाचन, संयम आणि माघार या तिन्ही गोष्टी शिकण्याची संधी त्याच्या हातून जाते.

काही खेळाडू एक्के आल्यावर सापळा लावण्यासाठी गप्प राहतात आणि वाढ करतच नाहीत. पहिल्या तासात, लोक भरभरून कॉल करत असताना, या डावपेचाला मी ठामपणे विरोध करतो. कोणाची सातची जोडी, कोणाचे लागोपाठचे बदाम स्वस्तात आत येतात आणि पॉट मात्र लहानच राहतो. लहान जोडी असलेल्याला फ्लॉपवर तिसरे जुळते पान साधारण साडेआठांत एकदा मिळते. त्याने दोनशे भरून प्रवेश केला आणि तुमच्याकडून सगळे ९,८०० मिळण्याची आशा ठेवली, तर त्याचा हिशेब अगदी बरोबर आहे. जोडी बलवान असलेल्याने तो हिशेब ओळखायचा असतो. सुरुवातीलाच पुरेशी किंमत आकारावी आणि नंतर एका जोडीवर सर्वस्व पणाला लावू नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळणे अवघड आहे, आणि तेवढ्यासाठीच खोल स्टॅक, म्हणजे ब्लाइंडच्या मानाने भरपूर चिप्स, हवा.

याच्या उलट टोकाचा सल्लाही मी ऐकला आहे. एकदा बाद झाल्यावर पुन्हा प्रवेश नाही, म्हणून पहिल्या पातळीत मोठी जोखीम घेऊच नये, अगदी एक्केसुद्धा फ्लॉपपूर्वी सर्व चिप्ससाठी खेळू नयेत, असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात. स्पर्धेत गमावलेल्या चिपेचे मोल मिळवलेल्या चिपेपेक्षा अधिक असते, हे खरे आहे. परंतु बक्षिसांच्या जागा जवळ येतात तेव्हा तो फरक मोठा होतो, पहिल्या तासात तो नगण्य असतो. बादशहांच्या जोडीविरुद्ध एक्के शंभरात ८० हून अधिक वेळा जिंकतात. फ्लॉपपूर्वी समोरचा स्वतः सर्व चिप्स लावत असेल, तर एक्के असलेल्याने एक क्षणही थांबू नये.

बादशहा आणि राण्या यांना मात्र तो नियम जसाच्या तसा लागू होत नाही. बादशहा हाती असताना फ्लॉपवर एखादा एक्का पडण्याचे प्रमाण शंभरात सुमारे २३ आहे. राण्या असताना एक्का किंवा बादशहा पडण्याचे प्रमाण ४१ च्या आसपास जाते. अशा फ्लॉपवर तीन-चार जण असतील, तर एखादी माफक चाल करून पाहावी आणि प्रतिकार दिसला की थांबावे. १०,००० चिप्समधून ८०० गेले, तर स्पर्धा हातची जात नाही. १,५०० मधून ८०० गेल्यावर काय उरते, ते वेगळे सांगायला नको.

हे सर्व निर्णय घ्यायचे तर समोरच्याकडे किती चिप्स आहेत हे एका नजरेत कळले पाहिजे, आणि तिथे या संचात एक खरा दोष आहे. शंभरची काळी आणि पाचशेची जांभळी चिप मंद पिवळ्या प्रकाशात जवळजवळ सारखी दिसते. कडेवरचे पांढरे ठिपकेही दोन्हींवर एकसारखेच आहेत. समोरचा ढीग २,००० चा आहे की १०,००० चा, हा गोंधळ झाला तर एक्क्यांच्या डावाचा सगळा हिशेब चुकतो. आम्ही टेबलावर पांढऱ्या प्रकाशाचा दिवा लावतो, आणि मोठ्या किमतीच्या चिप्स पुढच्या रांगेत, वीस-वीसच्या गठ्ठ्यांत ठेवण्याचा नियम काटेकोरपणे पाळायला लावतो. उत्पादकाने जांभळ्या रंगाची छटा फिकट केली असती, तर हा उपद्व्याप करावा लागला नसता. बाकी चिप्सविषयी तक्रार नाही; वजन हाताला बरे वाटते, गठ्ठा सरळ उभा राहतो आणि नवेपणीचा निसरडेपणा सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसल्यावर जातो.

पत्त्यांचा पहिला कॅट पूर्ण प्लास्टिकचा आहे आणि तो उत्तम आहे. पानाची रुंदी ६३ मिलिमीटर, कोपऱ्यातील आकडा मोठा, पाठ अपारदर्शक. पोकरमध्ये खेळाडू पान उचलत नाही, टेबलावरच कोपरा वाकवून पाहतो. कागदी पानाला या सवयीने काही तासांतच मोड पडतो, आणि मोड सर्वांत आधी एक्क्यांना पडतो, कारण हाती एक्का आला की माणूस तो पुन्हा पुन्हा पाहतो. मोड पडलेला एक्का पाठीवरून ओळखू येऊ लागला, की स्पर्धेच्या प्रामाणिकपणालाच धक्का बसतो. प्लास्टिकचे पान दाब सोडताच सरळ होते, आणि भरीत-भाकरीच्या किंवा शेवभाजीच्या जेवणानंतर तेलकट बोटांचे डाग ओल्या फडक्याने पुसता येतात.

जळगावचा उन्हाळा ही पत्त्यांची सर्वांत कठोर परीक्षा आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि पाण्याच्या कूलरशिवाय बसणे अशक्य होते. कूलरची दमट हवा कागदी पाने फुगवते. ती एकमेकांना चिकटतात, पिसताना गठ्ठ्यांनी सरकतात आणि वाटताना एकाऐवजी दोन जातात. संचातला दुसरा कॅट नेमका असाच, मेण चढवलेल्या कागदाचा आहे. दोन कॅट देण्याचा हेतू असा असतो, की एकाने डाव चालू असताना दुसरा पिसून तयार राहावा आणि तासाला चार-पाच डाव अधिक व्हावेत. एक कॅट प्लास्टिकचा आणि दुसरा कागदी असेल, तर हा हेतू साधत नाही. आम्ही कागदी कॅट पहिल्याच उन्हाळ्यात बाजूला ठेवला. सुमारे साडेचार हजार रुपयांच्या संचात दुसरा कॅटही प्लास्टिकचा द्यायला हवा होता.

डीलरचे बटन जाड आणि ठळक आहे. कॅटच्या तळाचे पान झाकणारी कटची पट्टी एकच दिली आहे, ती दोन हव्यात. ॲल्युमिनियमच्या पेटीचे बिजागर भक्कम असले तरी मूठ नाजूक आहे. नुसत्या चिप्सचे वजनच पावणेसहा किलो भरते, तेव्हा पेटी धुळ्याला किंवा भुसावळला न्यायची असेल तर खालून आधार देऊन उचलावी. पातळ्यांची वेळ मोजण्यासाठी संचात काही नाही, पण मोबाइलवरचे कोणतेही साधे घड्याळ त्यासाठी पुरते.

सहा जणांपर्यंतच खेळणाऱ्यांना पाचशे चिप्सची गरज नाही. त्यांनी तीनशेचा संच पाहावा, मात्र त्यातली किमतींची विभागणी दुकानातच मोजून घ्यावी. आठ ते दहा जणांच्या मंडळाने हा संच घ्यावा, पुस्तिकेतला चिप्सवाटपाचा तक्ता वापरू नये आणि वर दिलेल्या १०,००० च्या वाटपाने सुरुवात करावी. खरेदीच्या वेळीच प्लास्टिकचा आणखी एक कॅट वेगळा मागवावा. त्याच्या पाठीचा रंग पहिल्यापेक्षा वेगळा असावा आणि रुंदी ६३ मिलिमीटरच असावी, कारण दुकानदार पुष्कळदा ५७ मिलिमीटरचा ब्रिजचा अरुंद कॅट पुढे करतात आणि दोन मापांचे कॅट एकाच टेबलावर वापरताना वाटणाऱ्याचा हात दर डावाला अडखळतो.